यंत्राचा ज्वर

शरीरास ज्वर आला म्हणजे सुज्ञ वैद्य प्रथम नाडी पाहतो, ज्वर केव्हां चढतो व केव्हां उतरतो तें विचारतो, आणि मगच औषधाची योजना करतो. यंत्राच्या बाबतींत हा क्रम आपण सहसा पाळीत नाहीं. मोटारीचें एंजिन तापूं लागलें कीं मोठा रेडिएटर आणा, दुसरा पंखा बसवा, थर्मोस्टॅट काढून टाका, असा उपायांचा भडिमार सुरू होतो. आणि पैसा खर्च होऊनहि ज्वर जेथल्या तेथें राहतो. जुन्या शर्यतीच्या मोटारी हौसेनें बाळगणाऱ्यांस ही पीडा विशेष होते. म्हणून त्यांपैकीं एका नामांकित मोटारीच्या आधारें या विकाराचा विचार करण्याचें आज योजिलें आहे.

ही मोटार म्हणजे इंग्लंडांत तयार झालेली मिनी कूपर एस. अलेक इसिगोनिस या कल्पक अभियंत्यानें आंखलेली मूळची मिनी १९५९ सालीं बाजारांत आली; तिचीच ही अधिक जोरकस आवृत्ति. माँटे कार्लोच्या रॅलींत, म्हणजे ऐन हिंवाळ्यांत आल्प्सच्या घाटांतून होणाऱ्या दूर पल्ल्याच्या शर्यतींत, मिनी कूपर एसनें १९६४, १९६५ व १९६७ या सालीं प्रथम क्रमांक मिळविला. बर्फांत नांव कमावलेली ही गाडी उन्हाळ्यांत चालवूं गेल्यास मात्र पुष्कळदां तापते.

याचें एक कारण तिच्या रचनेंतच आहे. जागा वांचविण्यासाठीं इसिगोनिसनें एंजिन आडवें बसविलें. त्यामुळें रेडिएटर गाडीच्या तोंडाशीं न राहतां डाव्या बगलेस, चाकाच्या कमानीस लागून गेला. इतर मोटारींत समोरचा वारा सरळ रेडिएटरांतून जातो. येथें तो एंजिनाजवळून वळसा घेऊन येतो, आणि पंख्यानें त्यास चाकाच्या बाजूनें बाहेर लोटावें लागतें. शर्यतीसाठीं तोंडावर जादा दिव्यांची रांग आणि पोटाखालीं दगडांपासून रक्षण करणारा जाड पत्रा चढविला, म्हणजे वाऱ्याची वाट आणखी अरुंद होते.

पण एवढ्यावरून सारा दोष रचनेच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. याच गाडीनें १९६७ सालीं ग्रीस देशांतील अक्रोपोलिस रॅलीहि जिंकली, आणि तेथील खडकाळ, धुळीचे, उन्हानें पोळणारे रस्ते प्रसिद्धच आहेत. निकोप मिनी उष्णता सोसते. तेव्हां जी सोसत नाहीं, तिच्यांत कांहींतरी बिघडलें आहे असेंच समजावें.

पहिला प्रश्न असा, कीं ज्वर खरा आहे काय? जुन्या गाडीचा कांटा कित्येकदां खोटें बोलतो. दुरून उष्णता मोजणारा तापमापक हल्लीं सहज मिळतो. तो थर्मोस्टॅटच्या घरावर रोखून कांट्याशीं ताडून पाहावा.

दुसरा प्रश्न, ज्वर केव्हां चढतो? गाडी उभी असतां किंवा हळू चालतांना चढत असेल तर पंख्याकडे पाहावें. पंखा व पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा सैल पडला कीं वारा आणि पाणी दोन्ही मंदावतात. पंखा उलटा बसविला गेल्याचीहि उदाहरणें घडतात.

चढावावर किंवा सतत वेगांत चढत असेल तर रेडिएटरचा संशय घ्यावा. तापमापक जाळीवरून फिरवितां मध्येंच थंड पट्टे आढळले, तर तेथील नळ्या गाळानें तुंबल्या आहेत असें जाणावें. जाळी बाहेरून चिखलानें भरली नाहीं ना, तेंहि पाहावें. एंजिनाच्या बिडाच्या पोटांतहि तळाशीं गंजाचा चिखल सांचतो; निचऱ्याचें बूच काढून तो धुऊन टाकल्यावांचून नवा रेडिएटर घेणें व्यर्थ होय. याच प्रसंगीं ठिणगी उशिरां पडते काय, आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल कमी व हवा जास्त जाते काय, हें तपासावें. या दोन्ही दोषांनीं एंजिन तापतें, आणि बिचारें पाणी निष्कारण दोषी ठरतें.

थंड एंजिन चालूं करतांच रबरी नळ्या टणक होत असतील आणि पाण्यांत एकसारखे बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरच्या माथ्याखालील गॅस्केट फुटलें असण्याचा संभव मोठा. तेथें बाहेरचा कोणताहि उपाय चालत नाहीं.

आतां झाकणाविषयीं. घरांतील प्रेशर कुकरचें तत्त्वच येथें लागू आहे. दर चौरस इंचास १३ पौंड जादा दाब असला म्हणजे पाणी १०० अंशांऐवजीं सुमारें ११८ अंशांवर उकळतें. झाकणाचें रबर झिजलें कीं ही सवलत जाते. आणि कुकरप्रमाणेंच हें झाकणहि तापलेलें असतां कदापि उघडूं नये. दाब जातांच पाण्याची एकदम वाफ होऊन हात व तोंड भाजतें. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपायहि बरा नव्हे. ८२ अंशांस उघडणाऱ्या थर्मोस्टॅटऐवजीं उन्हाळ्यांत ७४ अंशांचा घालावा. मुळींच न घातल्यास गार दिवशीं एंजिन वेळेवर तापत नाहीं व त्याची झीज वाढते.

वाटेंत कांटा चढूं लागल्यास गाडी गरम करण्याचें हीटर पूर्ण उघडावें. तो एक लहानसा दुसरा रेडिएटरच आहे. इतक्यानें न भागल्यास एंजिन बंद करून तें निवेपर्यंत थांबावें. तापल्या बिडावर थंड पाणी ओतूं नये. अशा वेळीं शर्यत हातची गेली तरी चालेल, कारण मूळच्या कूपर एसचें इंग्लंडांतील उत्पादन १९७१ सालींच थांबलें. हुकलेली शर्यत पुढील वर्षीं पुन्हां येते. तडा गेलेलें मूळचें एंजिन परत येत नाहीं.