परदेशी बिऱ्हाड मांडताना

महामंगल सुत्त आपल्या घरोघरी म्हटले जाते. लहान मुलांनाही ते पाठ असते. त्या सुत्तात भगवान बुद्धांनी जी मंगले सांगितली, त्यांत योग्य ठिकाणी राहणे हेही एक उत्तम मंगल म्हणून सांगितले आहे. रोज म्हणताना त्याच्या अर्थाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. परंतु कुठे राहावे, कोणाच्या शेजारी राहावे, हा केवळ भाड्याचा प्रश्न नाही. माणसाची तब्येत, मुलांचे शिक्षण आणि घराचा स्वाभिमान या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

हा विषय आज घेण्याचे कारण असे की, आपल्या पवन मावळातली मुले आता दूर जाऊ लागली आहेत. पूर्वी कामशेतला लोकल धरून पिंपरी-चिंचवड गाठले किंवा लोणावळ्याच्या हॉटेलात नोकरी मिळाली की आईबाप समाधानी असत. आता आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, हॉटेल व्यवस्थापन शिकलेली मुले-मुली दुबई, कतार, सिंगापूरची पत्रे घेऊन येतात. ती वाचायला पालक आमच्याकडे येतात, तेव्हा पगार किती आणि विमान कधी, हे दोन प्रश्न हमखास असतात. पोरगा राहणार कुठे, हे विचारणारे पालक थोडे. म्हणून उष्ण आणि दमट देशाचे उदाहरण म्हणून सिंगापूर घेऊन आम्ही या लेखात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले. तिथे कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ साली तेच बाबासाहेब एवढी विद्या घेऊन बडोद्यात नोकरीला आले, तर त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि काही दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. बागेत बसून वेळ काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. परक्या देशात घर मिळाले, आणि आपल्या देशात मिळाले नाही. पुढे १९२१-२२ च्या काळात लंडनला ज्या घरात ते राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीचे स्मारक झाले! राहण्याच्या जागेचे मोल आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगायला नको.

आता मुद्द्याकडे वळू. पहिली गोष्ट, व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. सिंगापुरात बांधकाम, जहाजबांधणी अशा कामांसाठी वर्क परमिटवर जाणाऱ्याला कुटुंब नेता येत नाही. त्याच्या राहण्याची सोय करणे ही मालकाची जबाबदारी असते आणि बहुतेक कामगार मोठ्या वसतिगृहांत राहतात. वरच्या दर्जाच्या नोकरीवर जाणाऱ्यालाही पत्नी-मुलांना नेण्यासाठी सध्याच्या नियमाप्रमाणे महिना किमान ६,००० सिंगापूर डॉलर पगार लागतो. एजंट 'फॅमिली नंतर बोलावता येईल' म्हणतो, तेव्हा हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

वसतिगृहात राहायचे असेल तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : जागेचा पत्ता, एका खोलीत किती माणसे, आणि राहण्यापोटी पगारातून कापणार किती. यात संकोच नको. १८३४ पासून आपल्या कोकणातले लोकही मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेले. मालक सांगेल त्या छावणीत त्यांना राहावे लागले. त्यांना विचारण्याची सोय नव्हती, तुम्हाला आहे. २०२० साली सिंगापूरच्या याच वसतिगृहांत कोरोना वणव्यासारखा पसरला. त्या वेळी तीन लाखांहून अधिक कामगार अशा ठिकाणी दाटीने राहत होते. त्यानंतर २०२१ साली तिथल्या सरकारने नव्या वसतिगृहांसाठी नियम केला : एका खोलीत जास्तीत जास्त १२ जण आणि माणशी किमान ४.२ चौरस मीटर जागा. हा नियम पाठ करून जावे.

स्वतः खोली शोधायची असेल तर इथे बसून फोटो पाहून अनामत रक्कम पाठवू नये. पहिला महिना कंपनीच्या किंवा ओळखीच्या जागेत काढावा, आणि जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच करार करावा. सिंगापुरात दहापैकी आठ रहिवासी सरकारी गृहमंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, इमारतींत राहतात. असा फ्लॅट किंवा त्यातली खोली भाड्याने द्यायला मालकाला मंडळाची परवानगी लागते आणि करार सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा नसतो. मालकाकडे परवानगी आहे का, हे विचारलेच पाहिजे. तिथले दलाल सरकारी नोंदवहीत नोंदलेले असतात आणि एचडीबीच्या भाडेव्यवहारातले पैसे हातात घ्यायला त्यांना मनाई आहे. दलाल रोख मागू लागला की उठून यावे.

कोणत्या भागात राहावे? सिंगापूर मुंबईपेक्षा थोडेसेच मोठे, सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचे आहे. नवखा माणूस सरळ सेरंगून रोडवरच्या 'लिटल इंडिया'त जातो. टेक्का मार्केटात कढीपत्त्यापासून मटणापर्यंत सगळे मिळते, मुस्तफाचे दुकान आहे, भाषा कळते. पहिल्या महिन्याला ते ठीक. परंतु नोकरी पश्चिमेला जुरोंगच्या कारखान्यात असेल तर रोजची धावपळ होते. पूर्वेला विमानतळ आणि चांगीच्या कार्यालयांत नोकरी असणाऱ्याला टॅम्पिनीस, सिमेई सोयीचे. मेट्रोच्या स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत घर असेल तर दूरचा भागही चालतो. काहीजण भाडे वाचवायला समुद्रपुलापलीकडे मलेशियातल्या जोहोर बारू येथे राहतात. रोज दोन देशांची तपासणी ओलांडून ड्युटी गाठायची, त्यात झोप जाते. वाचलेले भाडे आणि गेलेली झोप यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हवामानाचा विचार आपली माणसे करीत नाहीत, कारण पावसाची आपल्याला सवय आहे असे त्यांना वाटते. ते अर्धेच खरे. लोणावळ्याचा पाऊस तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण तो मुख्यतः चार महिन्यांचा. मग आपण गोधड्या उन्हात टाकतो, भिंती वाळतात. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. वर्षाला सुमारे २,१०० मिलिमीटर पाऊस बाराही महिने वाटून पडतो, दिवसा ३१-३२ अंश उष्णता आणि रात्रीही २४-२५. आषाढात आपल्या ट्रंकेतल्या कपड्यांना येणारा तो कुबट वास तिथे वर्षभर कपाटात बसलेला असतो. म्हणून खोली पाहताना कपाट उघडून वास घ्यावा, पलंगामागची भिंत पाहावी, बुरशीचे काळे ठिपके दिसले तर नको म्हणावे. समोरासमोर खिडक्या आहेत का, वारा वाहतो का ते बघावे. खोली दुपारनंतर पाहावी, म्हणजे पश्चिमेची भिंत किती तापते ते हाताला कळते. तापलेल्या खोलीत रात्रभर एसी लागतो आणि विजेचे बिल भाड्यात आहे की वेगळे, हे आधी ठरलेले नसेल तर महिनाअखेरीस तंटा होतो. डासांचीही दखल घ्यावी. तिथे डेंग्यू आहे आणि कुंडीखालच्या बशीत अळ्या सापडल्या तर सरकारी माणूस घरी येऊन दंड करतो. घरात दम्याचा रोगी असेल तर शेजारच्या इंडोनेशियात जंगले पेटली की येणाऱ्या धुराचाही विचार करावा. २०१५ साली त्या धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

आता शेजाराविषयी. १९८९ पासून सिंगापूर सरकारने असा नियम केला आहे की, एचडीबीच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय या सर्व वंशांची कुटुंबे ठरावीक प्रमाणात असावीत. एका वंशाची वेगळी वस्ती होऊ द्यायची नाही. ज्यांची घरे पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवली गेली, त्यांना या नियमाचे महत्त्व लगेच कळेल. त्यात अडचणीही आहेत. अल्पसंख्य माणसाला घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळते. आणि नियम असला तरी मने लगेच बदलत नाहीत. भाड्याच्या जाहिरातींत 'भारतीय नकोत' असे छापलेले असे आणि २०१४ साली त्यावर जगभर बातम्या आल्या. पुष्कळ घरमालक 'स्वयंपाक चालणार नाही' अशी अट घालतात. आपल्याकडे शाकाहारीच पाहिजे म्हणून आपल्याला दार बंद होते, तिथे फोडणीच्या वासासाठी. सुकट-बोंबील भाजणाऱ्या घराने ही अट सही करण्यापूर्वी विचारून घ्यावी. कोणी तोंडावर नकार दिला तर मनाला लावून घेऊ नये. ज्याला आपण नको आहोत, त्याच्या खोलीत सहा महिने काढण्यापेक्षा दुसरी खोली बरी.

त्याहून नाजूक गोष्ट आपल्याच लोकांची. परदेशात मराठी माणूस भेटला की आनंद होतो. पण आडनाव ऐकून चेहरा बदलणारेही भेटू शकतात. जात विमानाने प्रवास करते. अमेरिकेत २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाच्या तक्रारीवरून दावा दाखल केला, तर २०२३ साली सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. सातासमुद्रापार असे कायदे करावे लागतात, यावरून काय ते समजावे. म्हणून आमचे सांगणे आहे की, खोलीसाठी आडनाव लपवू नका. बाबासाहेबांना १९१७ साली ते करावे लागले. आपल्यावर ती पाळी येऊ नये, यासाठीच त्यांनी आयुष्य वेचले.

धम्माच्या दृष्टीने सिंगापूर परके नाही. २०२० च्या जनगणनेत तिथले सुमारे ३१ टक्के लोक बौद्ध होते आणि वैशाख पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. सेंट मायकल्स रोडवर श्रीलंकेच्या लोकांचे श्रीलंकारामय विहार आहे, ताई जिन रोडवर ब्रह्मदेशी विहार आहे. आपल्या देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जी बुद्धमूर्ती बसवली, ती ब्रह्मदेशातूनच आलेली. ते नाते लक्षात ठेवून विहारात जावे. पूजेची रीत वेगळी दिसेल, वंदना मात्र ओळखीची वाटेल. घर विहाराजवळ मिळाले तर उत्तमच. न मिळाले तर रविवारची सकाळ त्यासाठी राखावी, आणि बावीस प्रतिज्ञा मुलांना घरी शिकवाव्यात.

शेवटची विनंती पालकांना. परदेशी पाठवण्यासाठी शेतीचा तुकडा किंवा राहते घर विकू नका, सावकाराकडे गहाण ठेवू नका. पवना धरणात ज्यांची घरे-जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न किती वर्षे रेंगाळला, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. पायाखालची जमीन एकदा गेली की परत मिळवायला पिढ्या जातात. मुलाने किंवा मुलीने तिकडे चांगली खोली घ्यावी आणि थकून आले तर इकडचे दार उघडे असावे. जाणाऱ्याने पहिल्या आठवड्यात आपला पत्ता, घरमालकाचे नाव आणि फोन नंबर घरी कळवावा, आणि आईने तो देव्हाऱ्यात नव्हे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

जय भीम!