एंटर कोणी दाबलं?

गेल्या आठवड्यात कोड रिव्ह्यूमध्ये माझं आणि टीममधल्या एका नव्या मुलाचं चांगलंच वाजलं. मुलगा हुशार आहे, काम मनापासून करतो, म्हणून त्याच्याशी वाद घालायला मजाही येते. आमचं एक डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन आहे. (हो, अजूनही लोक डेस्कटॉप वापरतात. बँका, हॉस्पिटलं, कारखाने, सगळीकडे. मोबाइलवाल्यांनी हसू नये.) लॉगिनची मुदत संपायला दोन मिनिटं उरली की त्यात याने एक मोडल डायलॉग उगवायची सोय केली होती. 'सेशन संपत आलं आहे. आता लॉगआउट करायचं?' खाली येस आणि नो. टायमर लावलेला, वेळ झाली की खिडकी हजर.

मी म्हटलं, हे काढ. तो म्हणाला, "पण सर, मोडल आहे ना! युजरला बघावंच लागेल. टाळूच शकत नाही तो."

हेच वाक्य वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः कोणाला तरी ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

(ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी: मोडल डायलॉग म्हणजे ती छोटी खिडकी, जी उत्तर दिल्याशिवाय मागच्या खिडकीला हात लावू देत नाही. आणि फोकस म्हणजे कीबोर्डवर तुम्ही दाबलेली कळ या क्षणी कोणाकडे जाणार ते.)

तर २००४ साल. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो आणि आम्ही कोल्हापूरकडच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करत होतो. त्यांच्याकडे डॉसवर चालणारा फॉक्सप्रोमधला जुना प्रोग्रॅम होता, तो आम्ही व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये नव्याने लिहिला. जुन्या प्रोग्रॅममध्ये एंटर मारला की पुढच्या रकान्यात जायचं. सगळ्यांच्या बोटांत तीच सवय, म्हणून आम्ही विंडोजवरही एंटरला टॅबचं काम दिलं. खातेनंबर, एंटर, रक्कम, एंटर, झालं. युजर खूश, आम्ही खूश.

दिवसअखेर करायला लोक विसरतात अशी मॅनेजरसाहेबांची तक्रार होती. मी म्हटलं, सोप्पं आहे. संध्याकाळी साडेपाचला टायमर लावला आणि एक मेसेज बॉक्स: 'दिवसअखेर सुरू करायची?' येस, नो. व्हीबीचा मेसेज बॉक्स तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर पहिल्या बटणालाच डीफॉल्ट धरतो. म्हणजे येस. म्हणजे एंटर.

आता साडेपाच ही कुठली वेळ? पिग्मी एजंट दिवसभराची वसुली घेऊन काउंटरला यायची वेळ. आमच्या कॅशियर ताई डाव्या हाताने स्लिपा उलटायच्या आणि उजव्या हाताने नंबर पॅड बडवायच्या. नजर स्लिपेवर. स्क्रीनकडे त्या बघायच्याच नाहीत, गरजच नव्हती. डायलॉग आला, पुढचा एंटर त्याच्यावर पडला, दिवसअखेर झाली, प्रोग्रॅमची तारीख पुढे सरकली आणि उरलेल्या सगळ्या पावत्या उद्याच्या तारखेने पडल्या. रात्री रोजकीर्द काढली तर ड्रॉवरमधली रोकड आणि कीर्द जुळेना. साडेनऊपर्यंत सगळे बसून.

त्यांचा फोन आला तेव्हा मी लॉग मागवला. लॉग मीच लिहिलेला, त्यात स्वच्छ होतं: तारीख, वेळ, युजर, उत्तर येस. मी फोनवर सांगितलं, "ताई, लॉगमध्ये तुम्हीच येस दिलंय."

त्या म्हणाल्या, "मी नाही दिलं हो सर. मला कोणी विचारलंच नाही."

मी चक्क मनातल्या मनात हसलो. युजर असंच म्हणतात, असं आपण कँटीनमध्ये एकमेकांना सांगतोच ना. पंधरा दिवसांत तीनदा असं झालं आणि त्यांना मेमो मिळाला. पुरावा काय, तर माझा लॉग.

शेवटी मला पाठवलं. मी काउंटरच्या मागे स्टूल टाकून बसलो. साडेपाचला ती खिडकी आली आणि गेली. मी वाटच बघत होतो म्हणून दिसली, नाहीतर मलाही दिसली नसती. ताई पुढची स्लिप उलटत होत्या.

प्रकार मी बदलला, साहेबांना चूक आमची होती असं पत्रही दिलं. मेमो मागे घेतला की नाही हे मात्र मी कधी विचारलं नाही. असो.

यामागची यंत्रणा कळली तर त्या ताईंचं म्हणणं शब्दशः खरं कसं होतं ते लक्षात येतं. मोडल डायलॉगमुळे प्रोग्रॅम थांबतो असं आपल्याला वाटतं. तो थांबत नाही. विंडोज फक्त मागची ओनर विंडो डिसेबल करतं, म्हणजे तिला माउस आणि कीबोर्ड बंद, आणि डायलॉगसाठी एक आतला मेसेज लूप सुरू होतो. टायमर चालू राहतात, स्क्रीन रंगवणं चालू राहतं. (म्हणूनच एका डायलॉगच्या डोक्यावर दुसरा डायलॉग येऊन बसण्याचे चमत्कार होतात.) आणि खरी गंमत कीबोर्डची. तुम्ही दाबलेल्या कळा रांगेत पडतात आणि त्या कोणाला द्यायच्या हे ठरतं ती कळ रांगेतून उचलताना, दाबताना नव्हे. म्हणजे डायलॉग स्क्रीनवर दिसायच्या आधी दाबलेला एंटरसुद्धा, रांगेत असेल तर, डायलॉगच्या पदरात पडतो. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर!

विंडोजवाल्यांना फोकस चोरीचा प्रश्न माहीत नव्हता असं नाही. विंडोज ९८ आणि २००० पासून मागे चालू असलेल्या प्रोग्रॅमने सेटफोरग्राउंडविंडो म्हणून पुढे घुसायचा प्रयत्न केला तर विंडोज त्याला येऊ देत नाही, टास्कबारवरचं त्याचं बटण नुसतं लुकलुकतं. व्हिस्टात २००७ साली परवानगी मागणारी ती प्रसिद्ध यूएसीची खिडकी आली. तिला लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, मीही घातल्या. पण मागे असलेल्या प्रोग्रॅमने परवानगी मागितली तर तीसुद्धा टास्कबारवर लुकलुकत थांबते, एवढी सभ्यता तिला आहे. हा नियम चुकवायला थ्रेडचे इनपुट एकमेकांना जोडण्याच्या युक्त्या शोधणारे प्रोग्रॅमर मी पाहिले आहेत. एसटीच्या खिडकीतून दुसऱ्याने टाकलेला रुमाल उचलून स्वतः बसणारी जमात ती हीच.

पण हे सगळं संरक्षण परक्या प्रोग्रॅमपासून. तुम्ही ज्यात टाइप करताय तोच प्रोग्रॅम तुमच्या बोटांखालून फोकस काढून घेत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम काय करणार? तो आधीच पुढे आहे. तिथे राखण करायची ती आपणच, आणि आपण काय करतो ते वर सांगितलंच.

म्हणून माझं मत सरळ आहे. मोडल डायलॉग युजरने आत्ता, या क्षणी काहीतरी केलं त्याचं उत्तर म्हणूनच आला पाहिजे. त्याने फाइल बंद करायला सांगितली, तुम्ही विचारलंत सेव्ह करू का, ठीक. तो तुमच्याकडेच बघतोय, त्याला उत्तराची अपेक्षा आहे. टायमरने, नेटवर्कने, सर्व्हरवरून आलेल्या निरोपाने मोडल डायलॉग उघडायचा नाही. निरोप कितीही महत्त्वाचा असो. उलट जितका महत्त्वाचा तितका जास्तच नाही, कारण तितकंच चुकून दिलेलं उत्तर महाग पडणार. निरोप सांगायला खिडकीच्या वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी पुरते. तिने फोकस घ्यायचा नाही.

"मग सिक्युरिटीचं काय?" हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. ब्राउझरवाल्यांनी तो आधीच भोगून झालाय. एखादं पान तुम्हाला चौकटीत शब्द टाइप करायला लावतं, शब्दात वाय हे अक्षर असतं, आणि बरोबर त्याच वेळी पान परवानगीचा डायलॉग उघडवतं, ज्यात वाय म्हणजे येस. तुम्ही परवानगी दिली! जेसी रुडरमन यांनी २००४ सालीच अशा हल्ल्यांबद्दल लिहिलं होतं. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एक्स्टेंशन टाकताना इन्स्टॉलचं बटण काही सेकंद करडं राहायचं आणि त्यावर आकडे उलटे मोजले जायचे, आठवतंय? तो आपल्याला विचार करायला दिलेला वेळ आहे असं मला वाटायचं. खरं तर ती बोटांना थांबायला दिलेली सवलत होती.

आणि डायलॉग उघडलाच, तर फोकस जिथून घेतला तिथे नीट परत द्या. हे सांगायला लागू नये, पण लागतं. स्वतःचा मोडल प्रकार लिहिणारे हमखास एक चूक करतात: आधी डायलॉग नष्ट करतात, मग ओनरला एनेबल करतात. डायलॉग गेला त्या क्षणी ओनर अजून डिसेबलच असतो, त्यामुळे विंडोज त्याला पुढे आणू शकत नाही आणि दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रॅमची खिडकी पुढे आणतं. युजर म्हणतो ओके दाबलं की आउटलुक येतं, आणि टेस्टर म्हणतो माझ्याकडे येत नाही. आधी एनेबल, मग डिस्ट्रॉय, बस्स. तसंच मेसेज बॉक्सला ओनर न देणं. मग मुख्य खिडकीवर क्लिक केलं की बॉक्स मागे दडतो, पुढच्या खिडकीवर काम चालूच राहतं आणि तो बॉक्स उत्तराची वाट बघत पडून राहतो. ओनर बरोबर दिला पण खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर उघडली, हा याचाच चुलतभाऊ, तिथे मात्र 'अ‍ॅप हँग झालं' म्हणून फोन येतो. वेबवर तर वर्षानुवर्षं प्रत्येकाने आपापला मोडल घरी शिजवला. ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग सगळ्या मोठ्या ब्राउझरांत यायला २०२२ उजाडलं. बंद झाल्यावर फोकस आधीच्या जागी परत द्यायचं काम तो आपणहून करतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला विचारा याची किंमत. फोकस पानाच्या सुरुवातीला जाऊन पडला तर त्याला सगळं पहिल्यापासून ऐकत यावं लागतं.

लॅरी टेस्लर, कट-कॉपी-पेस्टवाले, यांच्या गाडीची नंबरप्लेटच 'नो मोड्स' होती. मी इतका कडवा नाही. मॅक ओएस एक्सने २००१ मध्ये आणलेल्या शीट मला आवडतात, त्या आपल्या डॉक्युमेंटच्या खिडकीला चिकटून राहतात आणि तेवढीच अडवतात. जावातही २००६ च्या सहाव्या आवृत्तीत तसा डॉक्युमेंटपुरता मोडल आला. अडवायचंच तर अडवा, पण जेवढं काम आहे तेवढंच.

रिव्ह्यूमध्ये मी त्या मुलाला पतसंस्थेची गोष्ट सांगितली. तो गप्प बसला, मग त्याने एक फार चांगली गोष्ट सुचवली, जी मला तेव्हा सुचायला हवी होती. लॉगमध्ये नुसतं उत्तर लिहायचं नाही, डायलॉग दिसल्यापासून किती मिलिसेकंदांनी उत्तर आलं तेही लिहायचं. सेकंदाच्या दहाव्या भागात आलेला 'येस' कोणी वाचून दिलेला नसतो. तेवढा एक आकडा माझ्या लॉगमध्ये असता तर स्टूल टाकून बसायला कोल्हापूरला जायची गरज नव्हती, आणि मेमोचीही नव्हती.

टायमरवाला डायलॉग त्याने काढला, पट्टी टाकली. दोन मिनिटांत पट्टीकडे कोणी बघितलंच नाही आणि अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर काय, यावर मात्र अजून जुंपलेली आहे. मी म्हणतो फॉर्म मुकाट्याने ड्राफ्ट म्हणून ठेवून द्या, तो म्हणतो सिक्युरिटीवाले मान्य करणार नाहीत. सोमवारी त्यांच्याबरोबर मीटिंग आहे, बघू.