नावाची कुळे आणि बेदखलीचा हक्क

२१ ऑगस्ट २०१७ रोजी मॅकडोनाल्ड्स या अमेरिकन कंपनीने उत्तर व पूर्व भारतातील १६९ उपाहारगृहांचे फ्रँचाइझ करार रद्द केल्याचे जाहीर केले. पंधरा दिवसांच्या आत कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह वापरणे थांबवावे, असे फर्मान त्यासोबत होते. कारण काय, तर रॉयल्टी थकली आणि कराराच्या अटींचा भंग झाला. गंमत अशी की, ज्या कॅनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स कंपनीवर हे फर्मान बजावले गेले, तिच्यात निम्मा वाटा मॅकडोनाल्ड्सचाच होता आणि उरलेला दिल्लीचे विक्रम बक्षी यांचा. १९९५ पासूनच्या या भागीदारीत २०१३ साली बिनसले, बक्षी यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने त्यांना पुन्हा त्या जागी बसविले. त्यानंतर सहा आठवडेही उलटले नाहीत तोच करारभंगाचा हा ठपका आला. रॉयल्टी थकलीच नव्हती असे नव्हे; परंतु थकबाकीवर बोट ठेवण्याचा मुहूर्त कोण निवडतो, हे या तारखांवरून दिसते.

दोन धनवंतांच्या या भांडणात श्रमिकांच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी हळहळावे असे काही नाही. बक्षी यांच्यापाशी वकील होते, न्यायाधिकरणे होती, लंडनमध्ये लवादही चालू होता. करार रद्द होऊनही बहुतेक दुकाने त्याच नावाने चालू राहिली आणि अखेर मे २०१९ मध्ये तडजोड होऊन मॅकडोनाल्ड्सने त्यांचा वाटा विकत घेतला. पण त्याआधी, जून २०१७ च्या अखेरीस, संचालकांची भांडणे चालू असताना परवान्यांचे नूतनीकरण झाले नाही म्हणून दिल्लीतील ५५ पैकी ४३ उपाहारगृहे बंद पडली. तेथे काम करणाऱ्या हजाराहून अधिक तरुण-तरुणींना ना करार ठाऊक होता, ना कसूर.

लवाद आणि वकील ज्याला परवडत नाहीत अशा सामान्य फ्रँचाइझधारकाची अवस्था याहून वेगळी असते. तो निवृत्तीची रक्कम किंवा बायकोचे दागिने गहाण टाकून दुकान उभारतो. प्रवेशशुल्क त्याचे, अनामत त्याची, सजावटीचा खर्च त्याचा, जागेचे भाडे आणि बँकेचे कर्जही त्याचेच. माल कंपनी सांगेल त्याच्याकडून घ्यायचा, भाव कंपनी ठरवील तो लावायचा आणि रॉयल्टी द्यायची ती बहुधा नफ्यावर नव्हे, एकूण विक्रीवर. म्हणजे दुकान तोट्यात चालले तरी कंपनीचा हप्ता चुकत नाही. कराराचा छापील मसुदा कंपनीच्या वकिलांनी तयार केलेला असतो. त्यातला स्वल्पविरामही बदलण्याची मुभा नसते. ‘कसूर’ या मथळ्याखालील कलमे पाहावीत. हप्ता चुकणे ही कसूर, हे समजण्यासारखे आहे. पण विक्रीचे लक्ष्य न गाठणे, हिशेब वेळेवर न धाडणे, वेळापत्रक मोडणे, आणि कंपनीच्या मते तिच्या नावाला बाधा येईल असे काहीही करणे, हीसुद्धा कसूरच. ‘कंपनीच्या मते’ हे दोन शब्द उरलेल्या वीस पानांना पुरून उरतात. करार संपला की पाटी उतरवायची, अनामत विसरायची, आणि तोच धंदा पुढे काही वर्षे करायचा नाही. कराराची मुदत संपल्यानंतरची असली बंदी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. परंतु गाळ्याचे भाडे थकलेल्या माणसाला उच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते सिद्ध कसे करता यावे?

जपानमधील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हिगाशी-ओसाका येथील एका सेव्हन-इलेव्हन दुकानदाराने फेब्रुवारी २०१९ मध्ये, कामाला माणसे मिळेनात म्हणून, रात्री एक ते सकाळी सहा दुकान बंद ठेवण्यास सुरुवात केली. चोवीस तास उघडे राहण्याची अट मोडली म्हणून कंपनीने करार रद्द करण्याची आणि दंडाची धमकी दिली. देशभर बोभाटा झाला तेव्हा धमकी मागे पडली. मात्र वर्षाच्या अखेरीस करार रद्द झालाच, आणि या वेळी कारण दाखविले गेले ते ग्राहकांच्या तक्रारींचे व कंपनीच्या बदनामीचे. जून २०२२ मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचीच बाजू उचलून धरली. ज्याला रात्री झोपण्याचा अधिकार करारान्वये नाही, त्याला मालक म्हणावे की वेठबिगार?

आपल्याकडे फ्रँचाइझ करारांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. न्यायालयांचा कल कोणीकडे आहे हे अमृतसरच्या एका गॅस-वितरकाच्या खटल्यात, १९९० साली, स्पष्ट झाले. इंडियन ऑइलने त्याची एजन्सी रद्द केली होती. लवादाने ही कृती बेकायदा ठरवून एजन्सी परत द्यावी असा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, करार तीस दिवसांच्या सूचनेने संपविता येण्याजोगा होता. सबब वितरकाला एजन्सी परत मिळणार नाही, मिळेल ती फक्त तीस दिवसांच्या कमाईची भरपाई. मुळातच संपविता येण्याजोगा करार पुन्हा जिवंत करता येत नाही, हे तत्त्व विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ च्या दुरुस्तीनंतरही कायम आहे. याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की, दुकान अन्यायाने काढून घेतले गेले असले तरी त्या अन्यायाची किंमत एका महिन्याच्या कमाईहून अधिक नाही. येथे मालक सार्वजनिक क्षेत्रातला होता, ही तर अधिकच शरमेची गोष्ट.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा वाटण्याचे कारण नाही. १९४८ च्या कूळकायद्यापूर्वी जमीनदार कुळाला असाच हुसकावीत असे, आणि खंड थकला हेच कारण पुढे करीत असे. त्या कायद्याच्या कलम १४ ने सांगितले की, तीन महिन्यांची लेखी सूचना द्या, तीत कारण नमूद करा आणि त्या मुदतीत कुळाने चूक सुधारली तर कुळवहिवाट संपणार नाही. कलम २५ ने त्यापुढे जाऊन, खंड थकलेल्या कुळालाही मामलेदारापुढे पंधरा दिवसांत बाकी व खर्च भरून जमीन राखण्याची संधी दिली. सतत खंड चुकविणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. जमीनदाराचा खंड बुडू दिला नाही आणि कुळाची जमीनही निमित्त साधून जाऊ दिली नाही. आजचा फ्रँचाइझधारक हा जमिनीऐवजी नावाचे कूळ आहे. त्याला ना कलम १४, ना कलम २५.

असा कायदा केल्यास परदेशी भांडवल पाठ फिरवील, ही भीती घातली जाईलच. ज्या अमेरिकेत हा धंदा फोफावला तिथल्या विस्कॉन्सिन राज्याने १९७४ सालीच कायदा केला, की सबळ कारणाशिवाय करार रद्द करता येणार नाही, नव्वद दिवसांची सूचना दिली पाहिजे आणि चूक सुधारण्यास साठ दिवस मिळाले पाहिजेत. केवळ पैसे थकले असतील तर दहा दिवस. तेथून कंपन्या पळून गेल्या नाहीत. मलेशियानेही १९९८ साली सबळ कारणाची अट घातली.

छोट्या दुकानदारासाठी एवढी शाई कशाला, तो तर स्वतःच पोरांना कमी पगारावर राबवितो, असा आक्षेप कार्यकर्त्यांकडून येईल. तो खोटा नाही. विक्रीवरचा हप्ता वरून पक्का असल्यावर काटकसरीला एकच जागा उरते, ती म्हणजे मजुरी. म्हणूनच दुकानदाराचे संरक्षण मागताना कामगार बाहेर ठेवून चालणार नाही. गणवेश कंपनीचा, हसण्याची पद्धत कंपनीची, पण पगारपत्रकावर सही दुकानदाराची. करार तुटला की कंपनी म्हणते, हे आमचे नोकर नव्हेत. रद्द करण्याची सूचना दुकानातील कामगारांनाही देणे, त्यांचा थकलेला पगार व देणी आधी चुकती करणे आणि दुकान दुसऱ्या चालकाकडे गेल्यास त्याच कामगारांना तेथे घेणे, ही बंधने नाव भाड्याने देणाऱ्या कंपनीवर टाकली पाहिजेत. मसुद्याचा आरंभ कलम १४ आणि २५ च्या भाषेतून करता येईल. कामगारांची कलमे मात्र कामगार संघटनांनाच लिहावी लागतील, कारण १९४८ चा कायदा मुख्यतः कुळांसाठी होता, शेतमजुरांसाठी नव्हे.