शेजारच्या पायाचे काय?

शिरपुरात भुयारी मेट्रो धावणार नाही. तरीही मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोच्या कामात उभा राहिलेला एक प्रश्न शिरपूरलाही चुकलेला नाही. आपल्या जागेत खोल खणणाऱ्याने शेजारच्या इमारतीची जबाबदारी कुठवर घ्यायची?

३३.५ किलोमीटरचा हा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाला. त्याचे काम चालू असताना, २०१७ साली, दादाभाई नौरोजी मार्गावरील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट या जुन्या वास्तूवरील नक्षीदार दगडी भाग कोसळला. खोदकामाच्या हादऱ्यांकडे बोट दाखवत विश्वस्त उच्च न्यायालयात गेले आणि त्या भागातील काम काही काळ थांबले. तेथे तज्ज्ञ होते, कंपने मोजणारी यंत्रे होती, वकीलही होते.

तालुक्याच्या गावी यांपैकी काहीच नसते. असतो तो तळघरासह उभ्या राहणाऱ्या व्यापारी संकुलाचा खड्डा आणि त्याला खेटून असलेले उथळ पायाचे माती-विटांचे घर. त्यातून मुंबईच्या बऱ्याच भागाखाली बसाल्ट आहे, तर शिरपूरकडील तापीखोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. ‘शिरपूर पॅटर्न’साठी नाले खोल केले गेले तेव्हा ही माती अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. उन्हाळ्यात तिची कड ताठ उभी राहते, म्हणून कंत्राटदार निर्धास्त असतो. पावसाने ती भिजली की ढासळते. खड्ड्यातले पाणी उपसताना बारीक माती वाहून गेली, तरीही शेजारची जमीन खचते.

यावर ‘अंडरपिनिंग’ हा जुना उपाय आहे. भिंतीखालची माती एकदम न काढता मीटर-दीड मीटरचे तुकडे, तेही एकाआड एक, खणायचे; प्रत्येकात काँक्रीट भरायचे आणि जुन्या पायाशी उरलेली फट घट्ट मिश्रणाने ठासून बुजवायची. काम संथ आणि खर्चिक आहे. साहजिकच ते टाळले जाते.

कायदा मात्र मुका नाही. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार हा जमीनमालकाचा हक्क आहे. इमारतीसाठी तोच आधार वीस वर्षे निर्वेधपणे मिळाला असेल, तर तो हक्कही पक्का होऊ शकतो. अडचण पुराव्याची आहे. तडा आधीचा की नंतरचा, हे सांगणार कोण? म्हणूनच तळघराला परवानगी देण्यापूर्वी नगरपरिषदेने लगतच्या घरांची छायाचित्रांसह पाहणी आणि जुन्या तड्यांवर काचपट्ट्या बसवणे सक्तीचे करावे. खर्च अर्थातच खणणाऱ्याचा.