कावीळ एक, विषाणू पाच

बीबी असो वा लोणार तालुक्यातील दुसरे एखादे गाव, डोळे पिवळे झाले की अनेक घरांत आजही आधी गळ्यात माळ पडते. 'अ' आणि 'ई' विषाणूंची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. 'ब' आणि 'क' मात्र रक्तातून, वापरलेल्या सुईतून, 'ब' तर मातेकडून बाळाकडेही जातो; वर्षानुवर्षे दडून ते यकृत निकामी करतात. 'ड' हा 'ब'च्याच आश्रयाने जगतो.

'अ' व 'ई' दूषित पाण्यातून येतात. दिल्लीत १९५५-५६ साली आणि इचलकरंजीत २०१२ साली 'ई'ची साथ पसरली. हा विषाणू गरोदर स्त्रीच्या जिवावर उठतो. येथे खरा उपाय शुद्ध पाण्याचा आणि ती जबाबदारी शासनाची.

'क' आता बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. त्यातील सोफोसबुविरची एकेक गोळी अमेरिकेत प्रारंभी हजार डॉलरला विकली गेली. भारतीय कारखान्यांनी तेच औषध अल्प किमतीत तयार केले. 'ब' औषधाने काबूत राहतो आणि जन्मानंतर चोवीस तासांत दिलेली लस त्याला रोखते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात 'ब' व 'क' यांची तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत.

परंतु त्यासाठी शेतमजुराला दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.चे भाडे मोजावे लागत असेल, तर 'विनामूल्य' हा शब्द अर्धाच खरा. तपासणी गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात झाली पाहिजे. कार्यकर्त्यांनी माळेची टिंगल करीत बसू नये. ही मागणी ग्रामसभेत मांडावी.