बोर्डाच्या शाळेत जातं कोण?

गेल्या रविवारी घरी पाहुणे होते. जेवताना शाळांच्या फियांवर चर्चा रंगली आणि आमच्या एका काकांनी निकाल देऊन टाकला, "बोर्डाच्या शाळेत हल्ली जातं कोण?" सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना.

अहो, मीच जात होतो की! बाहेरच्यांसाठी सांगतो, खडकीत 'बोर्ड' म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड. वडील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. आम्ही तिन्ही भावंडं बोर्डाच्या शाळेत शिकलो. आणि माझा मुलगा? तो पिवळ्या बसने लांबच्या इंग्रजी शाळेत जातो. म्हणजे आधी चूक माझीच.

पण काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाजारात हातगाडी लावणाऱ्याचा मुलगा जातो. तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी जाते. हे कोणाचे उपकार नाहीत. प्राथमिक शाळा चालवणं किंवा त्यांना मदत करणं हे २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने बोर्डाचं कर्तव्यच ठरवलंय. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून आहे.

"खाजगी शाळांत २५ टक्के राखीव जागा आहेत ना?" आहेत. त्याही फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून आक्रसायला घेतल्या होत्या. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून वाचल्या. आणि उरलेल्या मुलांनी कुठे जायचं?

आता या पालकांनी तक्रार कोणाकडे करायची ते बघा. बोर्डाची निवडणूक झाली जानेवारी २०१५ मध्ये. वाढवून दिलेली मुदतही फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. पुढे ३० एप्रिल २०२३ ला मतदान ठरलं, ते मार्चमध्येच रद्द! २०१५ साली पहिलीत बसलेलं पोर दहावी होऊन बाहेर पडलं, तरी त्याच्या आईबापांना दुसऱ्यांदा मत देता आलं नव्हतं. नागरी भाग महापालिकेत घालायची चर्चा तेवढी चालू राहिली. पाटी कोणाची लागणार यावर सगळे बोलतात, वर्गात काय चाललंय ते कोणी विचारत नाही.

शाळा बिघडली म्हणून आपण मुलं काढली, असं आपण म्हणतो. मला वाटतं, अर्ज लिहिता येणारे, साहेबांसमोर बोलायला न घाबरणारे पालक आधी निघून गेले. मग जाब विचारायला उरलं कोण?

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. मावशींना त्या बैठकीचा कागद वाचून दाखवणं, अर्ज लिहून देणं एवढं तर आपल्याला जमेल? मी या महिन्यापासून सुरुवात करतोय.

काका, रागावू नका. पुढच्या रविवारी या जेवायला. पण तो प्रश्न परत विचारू नका.