मटण की चिकन? आणि ते कोणाच्या ताटात?



शुक्रवारी किंवा रविवारी घरात काय शिजवायचे, हे ठरताना एक वाद बहुतेक घरांत होतो. दादी-नानी म्हणतात, "चिकनमध्ये काय आहे? ताकद तर गोश्तमध्येच असते." व्यायामशाळेत जाणारा मुलगा म्हणतो, "आमचे सर फक्त चिकन खायला सांगतात." अब्बांना डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितलेली असते. आणि महिन्याचा हिशोब जिच्या हाती असतो, तिला हे माहीत असते की एक किलो मटणाच्या पैशात जवळजवळ तीन किलो चिकन येते. या महिन्यात आपण हा वाद आकड्यांच्या आधारे तपासून पाहू.

आधी प्रथिने घेऊ. चरबी काढलेल्या बकऱ्याच्या 100 ग्रॅम कच्च्या मटणात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. कोंबडीच्या छातीच्या, कातडी काढलेल्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 22 ग्रॅम. म्हणजे शरीर बांधणाऱ्या घटकाच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच आहेत. मुलाची वाढ व्हावी, आजारातून उठलेल्या माणसाला बळ यावे, एवढ्यासाठी मटणच पाहिजे असे नाही. तेवढ्या पैशात चिकन, अंडी आणि डाळ मिळून कितीतरी जास्त प्रथिने घरात येतात.

आता चरबी. बकऱ्याचे मटण फार चरबीचे असते, हा समज पुरता खरा नाही. दिसणारी चरबी काढून टाकली तर 100 ग्रॅम मटणात दोन-तीन ग्रॅमच चरबी उरते आणि सुमारे 110 किलोकॅलरी मिळतात. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीतही जवळजवळ एवढेच. पण तीच कोंबडी कातडीसकट घेतली की चरबी 15 ग्रॅमच्या आसपास जाते आणि कॅलरी 200 च्या वर. म्हणून "चिकन हलके असते" हे वाक्य अर्धेच आहे. कातडी काढली तर हलके. शिवाय एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 किलोकॅलरी. रश्श्यावर तर्री तरंगत असेल, तर खाली मटण आहे की चिकन याने फारसा फरक पडत नाही.

खरा फरक लोहात आहे. 100 ग्रॅम कच्च्या मटणात सुमारे 2.8 मिलिग्रॅम लोह असते, तर कोंबडीच्या छातीत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. जस्तही मटणात बरेच जास्त असते. याचे कारण मांसाच्या रंगातच आहे. जे स्नायू सतत काम करतात, त्यांना प्राणवायू साठवावा लागतो. तो साठवणाऱ्या लाल द्रव्यात लोह असते. बकरी दिवसभर चरते, चढते, म्हणून तिचे मांस लाल. कोंबडी चालते पण उडत नाही, म्हणून तिची तंगडी गडद आणि छाती पांढरी. त्यामुळे तंगडीच्या मांसात छातीपेक्षा साधारण दुप्पट लोह असते. उलट कबुतर उडणारा पक्षी, त्याची छातीच गडद असते.

हा नियम सगळीकडे लागू पडतो. अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक टर्कीचे आणि हरणाचे मांस यांची अशीच तुलना करतात. दोन्हींत चरबी कमी आणि प्रथिने भरपूर. पण हरणाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असते आणि टर्कीच्या पांढऱ्या मांसात एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. आपल्याकडे हरणाच्या शिकारीवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. आपल्यासाठी हरणाच्या जागी बकरा आणि टर्कीच्या जागी कोंबडी आहे. हिशोब तोच.

लोहावर एवढा भर का द्यायचा? कारण आपल्या घरातील स्त्रियांच्या रक्तात ते कमी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होते. 15 ते 19 वर्षांच्या मुलींत तर 59 टक्के. मी शाळेत शिकवते. दुपारच्या तासाला बाकावर डोके टेकणारी, दोन जिने चढून धापा टाकणारी, शिकवलेले लक्षात राहत नाही म्हणून रडणारी मुलगी "आळशी" नसते. बऱ्याचदा तिचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असते. हीच मुलगी उद्या आई होते, तेव्हा बाळंतपणात तिच्या जिवाला धोका वाढतो आणि बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता असते.

आता दस्तरखानाकडे पाहू. मटण आणले जाते, शिजते, आणि वाढले जाते. आधी पाहुणे आणि पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि सगळ्यात शेवटी जिने ते शिजवले ती. तिच्या वाट्याला रस्सा, एखादे हाड आणि बटाटा येतो. "मला नाही आवडत गोश्त" असे म्हणणाऱ्या किती जणींना ते खरोखर आवडत नाही, आणि किती जणींना पातेल्यात पुरेसे उरत नाही, हे ज्याने-त्याने आपल्या घरात पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागते, बाईला 29 आणि 16 ते 18 वर्षांच्या मुलीला 32. ज्यांची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याच ताटात मांस सगळ्यात कमी. मटण चांगले की चिकन, या वादापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल, मग बाईने रोज किलोभर मटण खायचे का? नाही. 100 ग्रॅम मटणातून तिच्या रोजच्या गरजेचा दहावा भागच मिळतो. पण मांसातील लोह शरीर सहज शोषून घेते आणि सोबत खाल्लेल्या डाळ-भाजीतील लोह शोषायलाही मांस मदत करते. आपला दालचा, पालक-गोश्त, मेथी-गोश्त हे पदार्थ म्हणूनच शहाणपणाचे आहेत. थोडे मटण, भरपूर डाळ आणि भाजी, आणि घरातील प्रत्येकाला वाटा.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा :

वर लिंबू पिळा किंवा सोबत कांदा-टोमॅटोची कोशिंबीर घ्या. क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतील लोह जास्त शोषले जाते.

जेवणानंतर लगेच चहा नको. बिर्याणीनंतरची सुलेमानीसुद्धा तासभर थांबू शकते. चहातील द्रव्ये लोह अडवतात.

हात आखडता असेल तर कोंबडीची कलेजी घ्या. ती स्वस्त मिळते आणि 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे 9 मिलिग्रॅम लोह असते. ती नीट शिजवून, पंधरवड्यातून एक-दोनदा खावी. मात्र गरोदर स्त्रियांनी कलेजी टाळावी. तिच्यातील अ जीवनसत्त्वाचे जास्त प्रमाण बाळाला अपायकारक ठरू शकते.

घरात हृदयविकार, युरिक अॅसिड किंवा किडनीचा त्रास असणारे कोणी असेल, तर मटण किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा. निरोगी माणसानेही लाल मांस आठवड्याला शिजवलेले साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम यापुढे नेऊ नये, असा कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेचा सल्ला आहे. बकरी ईदनंतरच्या दिवसांत हे विशेष लक्षात असू द्या. फ्रीजमध्ये आहे म्हणून रोज दोन वेळा खायलाच हवे असे नाही.

हिमोग्लोबिन खूपच कमी असेल तर ते फक्त जेवणाने भरून येत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलींना घेऊ द्या. मळमळते म्हणून कित्येक मुली ती गुपचूप टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. जंताची गोळीही चुकवू नका, कारण जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही.

तेव्हा पैसे असतील तेव्हा मटण आणा, एरवी चिकन आणा. दोन्ही चांगले आहे. फक्त या वेळी पातेले उतरवल्यावर एक करा. वाढायला घेण्याआधी घरात जितकी माणसे, तितके वाटे मोजा. त्यात मुलीचा वाटा धरा, सुनेचा धरा आणि स्वतःचाही. मग जो आधी जेवायला बसेल त्याला आधी वाढा. वाटे ठरलेले असले म्हणजे शेवटी बसणारीलाही रश्श्याबरोबर मटण मिळेल.